एका पंगतीचे डोळे

तळवड्याच्या अर्जुनराव भालेकरांनी आयुष्यात दोन गोष्टी कुणालाही न विचारता केल्या. कारखान्यांसाठी गावची जमीन गेली तेव्हा उरलेल्या तुकड्यावर कांदा लावायचा सोडून त्यांनी पत्र्याची शेड ठोकली, ही पहिली. त्या शेडमध्ये भिमाजी ओव्हाळांच्या नीलाला स्वतंत्र टेबल दिलं, आणि टेबलाबरोबर शेडची किल्लीही दिली, ही दुसरी. पहिल्या गोष्टीला गाव तोंडावर हसलं. दुसऱ्या गोष्टीवर गाव तोंडावर काही बोललं नाही, पण पाठीमागे बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार, असं म्हणून अर्जुनराव बिडी ओढायला शेडच्या बाहेर गेले. आत थिनरचा वास असायचा, त्यामुळे आत काडी ओढायची बंदी त्यांनी स्वतःवरही घातली होती.

शेडमध्ये बनायचं ते यंत्र साधंच होतं. अंधार पडला की कारखान्याच्या आवारातले दिवे आपोआप लागावेत, उजाडलं की विझावेत, एवढंच त्याचं काम. पिंपरीपासून भोसरीपर्यंत तेव्हा जिकडेतिकडे कंपन्यांच्या भिंती उठत होत्या, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. या यंत्राच्या पोटात शर्टाच्या बटणाएवढी एक चकती असे. तिच्यावर उजेड पडला की तिच्यातून वीज सहज जायची, अंधारात अडायची. शेडमधल्या बायका तिला डोळा म्हणत. नीला पुण्याहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन आलेली, पण महिन्याभरात तीही डोळाच म्हणायला लागली. पुस्तकातल्या नावापेक्षा ते नाव सरस होतं, हे तिला मान्यच करावं लागलं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मुंबईहून सोराबजी आले. उंच, जरा वाकलेले, पांढऱ्या बुशशर्टातले हे पारशी गृहस्थ एका स्टुडिओत गाणी रेकॉर्ड करायचे. त्यांच्याकडे एक जुनं परदेशी यंत्र होतं. गाणारा एकदम वर गेला की आवाज फाटू नये म्हणून ते त्याला अलगद दाबायचं, आणि गाणारा खाली आला की हळूच सोडून द्यायचं. सगळी करामत एका बंद डबीत होती. डबीत काचेची एक पट्टी आणि तिच्या समोर डोळा. आवाज चढला की पट्टी हिरवट उजळायची, डोळ्याला ते दिसायचं, आणि डोळा आवाजाला आवर घालायचा. अशा दोन डब्या, एक डाव्या स्पीकरची, एक उजव्या स्पीकरची. दोन्ही म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि नव्या परदेशातून मागवाव्यात तर परवाना कधी मिळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तळवड्यात कुणाकडे तरी डोळ्याची यंत्रं बनतात एवढं ऐकून ते आले होते.

नीलानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि बनवते म्हणाली. बनवते म्हणायला जीभ लागते, बनवायला अर्धा पावसाळा गेला. चमकणारी भुकटी लाखेत कालवून काचेवर थापायची, वरून पातळ पत्रा, कडा बंद करायच्या. आधीच्या पट्ट्या काळ्या पडल्या, मधल्या तडकल्या. एके दिवशी पट्टी उजळली तेव्हा नीलानं शेडची दारं लावून घेतली आणि सगळ्या बायकांना बोलावलं. अर्जुनरावांच्या पत्नी गिरजाबाई चहाचा टोप घेऊन आल्या होत्या, त्या काळोखात उभ्या राहून म्हणाल्या, काजवा धरलाय गं पोरीनं. त्या दिवशी चहा गार झाला आणि कुणी तक्रार केली नाही.

पण डबी बनवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे जोडी जुळवणं, आणि ज्यांनी घरात एखादं लग्न जुळवलंय त्यांना या निम्म्याचं वजन सांगायला नको. दोन्ही डब्यांतल्या डोळ्यांना सारखं दिसलं पाहिजे, सारख्या वेगानं दिसलं पाहिजे, आणि उजेड गेल्यावर दोघांनी तो सारख्याच वेगानं विसरला पाहिजे. नाहीतर घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला दोन स्पीकरच्या मधोमध उभी असल्यासारखी वाटते ती गाणारी सूर चढवला की एका बाजूला सरकते.

नीला डोळे मोजायची, मीटरचा काटा काट्याला जुळवायची, जोड्या लावायची आणि डब्या बंद करून मुंबईला पाठवायची. पहिली खेप परत आली. दुसरीही आली. दुसऱ्या वेळी सोराबजींनी फोन केला, आणि तो घ्यायला नीलाला निगडीच्या पोस्टात जावं लागलं.

"बाई, डबी एक नंबर हाय," ते म्हणाले. "पण माझी गाणारी चालते. मी तिला मधी उभी करतो, ती वर गेली की उजवीकडे चालायला लागते. मागच्या टायमाला पण उजवीकडेच गेली होती."

तळवड्यातून सख्खी जुळी निघत होती आणि मुंबईत पोचेपर्यंत सावत्र होत होती. नीलानं टेबल बदललं, मीटर बदलला, डोळे विकणाऱ्याला शिव्या घातल्या. काही उपयोग झाला नाही.

अर्जुनराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की स्कूटरच्या कंपनीकडून सुट्या भागांचं काम मिळतंय, लेथ बसवायला जागा हवी, आणि शेडमध्ये जागा म्हणजे नीलाचा कोपरा. दसऱ्यानंतर सोराबजी स्वतः यंत्र घेऊन येणार होते. तेव्हा जमलं तर टेबल राहील, नाही जमलं तर लेथ येईल.

घरी वडिलांचं वेगळंच चाललं होतं. भिमाजी पिंपरीच्या औषधाच्या कंपनीतून दिवाळीला निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांच्या जागी घरातल्या एकाला घ्यायचं कंपनीनं कबूल केलं होतं. नाव नीलाचं द्यायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पॅकिंगचं काम, पण परमनंट. तो शब्द त्या घरात आवाज खाली करून उच्चारला जायचा. नीला नको म्हणाली तेव्हा त्यांनी मनातलं बोलून दाखवलं.

"माझा बाप भालेकरांच्या दारात राबला. मी बी पोरपणी राबलो. तू तिसरी. शिकवलं ते यासाठी न्हाई."

तिचं टेबल राबणं नाही, हे तिला ठाऊक होतं, पण दोनदा परत आलेला माल समोर ठेवून हे कसं सांगणार? शेवटी तिनं शब्द दिला, या वेळी जमलं नाही तर मी कंपनीत येते. भिमाजी समाधानानं झोपले आणि नीला कूस बदलत राहिली.

तिसऱ्या खेपेचे डोळे तिनं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जुळवून ठेवले. तिची पद्धत अशी होती की प्रत्येक जोडीतला एक डोळा डाव्या ट्रेमध्ये, त्याचा जोडीदार त्याच नंबरनं उजव्या ट्रेमध्ये. सण झाला की डब्यांत बसवायचे. खंडेनवमीला शेड धुऊन हत्यारांची पूजा व्हायची, म्हणून तिनं दोन्ही ट्रे कपाटात ठेवले आणि घरी गेली. दसऱ्याला ती पांढरी साडी नेसून घरच्यांबरोबर देहूरोडच्या विहारात होती. धम्मचक्राच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत तिला दिवसभर डोळ्यांची आठवणही झाली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेड उघडली.

चौरंगावर पक्कड, सोल्डरिंग आयर्न, ड्रिल मशीन, सगळं झेंडूनं मढलेलं. आणि मधोमध डावा ट्रे. प्रत्येक डोळ्यावर ठेवलेली झेंडूची पाकळी वाऱ्यानं उडून ट्रेभोवती पडली होती. वर शंभरचा बल्ब लटकत होता, अजून जळत. थिनरच्या वासात उघडी ज्योत नको म्हणून गिरजाबाईंनी समईच्या जागी तो लावला होता आणि पूजेचा दिवा म्हणून नवमीपासून विझू दिला नव्हता. उजवा ट्रे कपाटातच होता, कारण चौरंगावर दुसऱ्या ट्रेला जागा उरली नव्हती.

गिरजाबाई प्रसाद घेऊन आल्या. नीलानं प्रसाद घेतला नाही. हे काय केलंत काकू, असं तिनं विचारलं, आणि तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"ज्या मालावर पोट चालतं त्याचीच पूजा न्हाई करायची?" गिरजाबाई म्हणाल्या. "तू न्हवतीस. विचारायचं कुणाला?"

नीलानं मीटर लावला. पहिली जोडी जुळेना. दुसरी जुळेना. भराभर तिनं ट्रे संपवला, एकही जोडी जुळत नव्हती. मग ती असं काही बोलली की ते इथे सांगण्यात अर्थ नाही, गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं एवढं सांगितलं तरी पुरे. नीला तशीच बाहेर गेली आणि पायरीवर उन्हात बसली. ऑक्टोबरचं ऊन ते, डोकं तापवून टाकणारं. ती रडली. लेथ दिसायला लागला, पॅकिंगची खाकी खोकी दिसायला लागली, आणि या सगळ्यापेक्षा आपण त्या बाईला काय बोललो ते जास्त लागायला लागलं.

माफी मागायला म्हणून ती उठून आत गेली आणि दारातल्या स्टुलावर आदळली. आतलं काहीच दिसत नव्हतं. काळोखातून गिरजाबाईंचा हात आला आणि त्यांनी तिचा दंड धरला.

"उनातनं आलीयास, डोळं दिपल्याती," त्या म्हणाल्या. "थांब जरा. दिसंल आपोआप."

नीला माफी मागायची विसरली. ती तशीच उभी राहिली, नडगी चोळत. मग टेबलाकडे गेली आणि मघाचे सगळे आकडे पुन्हा बघितले. डोळे हाताळणीनं बिघडले असते तर काही इकडे झुकले असते, काही तिकडे. पण इथे डाव्या ट्रेमधल्या झाडून सगळ्यांना कमी दिसत होतं, आणि उजव्या ट्रेमधल्या सगळ्यांना जास्त. डावे बल्बखालून आले होते. ते दिपले होते. उजवे काळोखातून आले होते, ते ताजे होते.

आणि मग मुंबईचंही कोडं सुटलं. मोजताना नीला नेहमी डावा ट्रे खिडकीशी ठेवायची, हाताला सोपा पडतो म्हणून, आणि उजव्यातला डोळा एकेक करून कपाटातून काढायची. खिडकीचं ऊन खाऊन बसलेल्या डोळ्याची जोडी ती काळोखात बसलेल्या डोळ्याशी लावत होती. मोजेपर्यंत जोडी जुळलेली दिसायची. मग डबी बंद व्हायची, आत काळोख, मुंबईपर्यंतचा प्रवास, आणि डावा डोळा ऊन विसरून टक्क जागा व्हायचा. त्याला जास्त दिसायचं, तो डावा आवाज जास्त दाबायचा, आणि सोराबजींची गाणारी उजवीकडे चालायला लागायची. दोन्ही खेपेला उजवीकडेच. चूक डोळ्यांची नव्हती, विकणाऱ्याची नव्हती, आणि गिरजाबाईंची तर मुळीच नव्हती. नीला आनंदानं हसायला लागली, तेव्हा गिरजाबाईंना वाटलं पोरीला ऊन लागलं.

"काकू, तुमच्या पूजेनं सापडलं," नीला म्हणाली, आणि तिनं त्यांच्या हातातला प्रसाद घेऊन खाऊन टाकला.

"देवीनं केलं म्हण की."

"बल्बनं केलं. पण लावला तुम्ही."

गिरजाबाईंनी एवढी तडजोड मान्य केली.

आता काय करायचं ते नीलानं त्यांना समजावून सांगितलं. सगळे डोळे, डावे उजवे असं काही न ठेवता, एकाच बल्बखाली दिवसभर ठेवायचे, सारख्या अंतरावर. मग सगळे एकदम काळोखात, सारखा वेळ. मग खोक्याला काळं कापड लावून, आतल्या आतच मोजायचे, बाहेरचा उजेड कुणालाच लागू द्यायचा नाही. जोडी लागली की काळोखातच सरळ डबीत.

"म्हणजे सगळ्यांना एका पंगतीला बसवायचं," ती सांगता सांगता म्हणाली. "कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही, कुणी बाहेर नाही."

आणि ती थांबली. तळवड्यात भालेकरांच्या लग्नांच्या पंगती कशा उठायच्या, भिमाजी लहानपणी आपल्या आईचा पदर धरून कुठे आणि किती वेळ उभे असायचे, हे दोघींनाही सांगायची गरज नव्हती. नीलानं ते वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. गिरजाबाई नवी नवरी होत्या तेव्हा त्यांनी ते ओसरीवरून बघितलं होतं.

"बसव," गिरजाबाई शेवटी म्हणाल्या. "मी बल्ब पुसून देते."

सोराबजी आले ते अँबॅसिडरच्या डिकीत यंत्र, दोन स्पीकर, टेपरेकॉर्डर आणि मायक्रोफोन घालून. दोनदा तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी नीलाच्या टेबलावर दोन स्पीकर मांडले आणि दोघांच्या बरोबर मध्ये खडूनं एक रेघ मारली. नवी डबी डावीकडे बसवली, तिची जोडीदार उजवीकडे. समोर खुर्ची टाकून डोळे मिटायचे आणि गाणारी जिथे ऐकू येईल तिथे बोट धरायचं, असं ते करणार होते. टेप लावली. बोट रेघेवर गेलं आणि तिथेच राहिलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, पण सोराबजींचं समाधान झालं नाही. ही गाणारी फार सभ्य आहे, ते म्हणाले, हिला सांभाळणं सोपं. त्यांना असा गळा हवा होता जो आधी कुजबुजेल आणि मग पत्रा उडवेल.

नीलानं दाराकडे बघितलं. दारात सायकल धरून भिमाजी उभे होते. सकाळपाळी सुटल्यावर ते मुलीचं उत्तर घ्यायला सरळ इकडे आले होते, आणि सवयीनं उंबऱ्याच्या बाहेर थांबले होते. तरुणपणी ते जलशात गायचे. माईक नसायचा, कंपन्यांचे भोंगे मात्र असायचे, आणि भोंग्याच्या वरून भिमाजींचा आवाज पलीकडच्या वस्तीत ऐकू जायचा, असं त्या वस्तीतली माणसं अजून सांगत.

नीलानं त्यांना गायला सांगितलं. ते मान हलवायला लागले. मुलगी हरली तर आपल्याकडे येणार, आणि तिला हरवायला आपलाच गळा लागणार, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, आणि ते त्यांना रुचलं नसावं. तेव्हा अर्जुनराव पुढे झाले.

"भिमाजी, गा," ते म्हणाले. "आमी कधी बसून ऐकलं न्हाई तुमचं. आज ऐकतो."

गावातला कुणी भालेकर भिमाजींना आजवर तुम्ही म्हणाला नव्हता. भिमाजींनी सायकल भिंतीला लावली.

स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरू नये म्हणून माईक बाहेर बाभळीखाली लावला, आणि भिमाजी तिथे उभे राहिले. आत सोराबजींनी डोळे मिटले. आधी जात्यावरची ओवी आली, आईकडून शिकलेली, इतकी हळू की शेडमधल्यांनी श्वास रोखला. आणि मग जलशातली हाक. पत्रा खरोखर थरथरला. गिरजाबाईंनी कानांवर हात नेले आणि अर्ध्यात थांबवले. नीला आवाज ऐकतच नव्हती, ती फक्त सोराबजींचं बोट बघत होती. हाक चढली, बोट रेघेवर. हाक आणखी चढली, बोट रेघेवर. हाक तुटून पुन्हा ओवी आली, आणि बोट रेघेवरच होतं, जणू तिथे चिकटवलेलं.

सोराबजींनी डोळे उघडले. हे आता मुंबईला जाणार आणि परत येणार नाही, ते म्हणाले, आणि आणखी डब्यांची जोडी कधी मिळेल ते विचारलं, कारण त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या स्टुडिओतही तेच रडगाणं होतं. अर्जुनराव लेथबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या जागेकडे बघून, शेडला मागून एक पडवी वाढवावी लागेल, एवढंच म्हटलं.

भिमाजी मात्र बाहेरच होते, त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. सोराबजींनी गाणं टेपवर घेतलं होतं. नीला बाहेर गेली, वडिलांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि रेघेसमोरच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची भालेकरांची होती, आणि भिमाजी आधी काठावरच टेकले. टेप सुरू झाली.

स्वतःचा आवाज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. ओवी लागली तेव्हा त्यांनी डाव्या स्पीकरकडे बघितलं, मग उजव्याकडे. आवाज दोन्हींतून येत नव्हता. तो मधून येत होता, जिथे काहीच नव्हतं, नुसती खडूची रेघ होती तिथून. हाक चढली तरी तो तिथून हलला नाही. भिमाजी हळूहळू खुर्चीत मागे टेकले.

"मी तर मधोमध उभा हाय की," ते म्हणाले.

गिरजाबाईंनी सगळ्यांना चहा दिला, एकाच किटलीतून, सारख्याच कपांतून, आणि पहिला भिमाजींना दिला.

निघताना नीला त्यांना सायकलीपर्यंत सोडायला गेली. शब्द दिला होता तो कसा सुटला हे सांगायला तिनं तोंड उघडलं, पण त्यांनी सांगू दिलं नाही.

"कंपनीत धाकट्याचं नाव घालतो," भिमाजी म्हणाले. "तुझी जागा कुठं हाय ते मी आत्ता ऐकलं."

त्यांनी सायकलवर टांग टाकली आणि देहूरोडच्या रस्त्याला लागले. रस्ता ओलांडेपर्यंत ते ओवी गुणगुणत होते, आणि वळणाच्या पुढे गेल्यावर त्यांनी जलशातली हाक दिली. ती नीलाला शेडच्या दारात उभं राहून स्पष्ट ऐकू आली.